पाठ लागू न देणाऱ्याची पोर

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये मला तोंड उघडायला बंदी होती. बंदी आयोजकांची नव्हती, माझ्या पोरीच्या ज्युदोच्या मॅडमनी घातली होती. आणि मी ती कबूल केली, यावर आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. भडगावात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथं मी नुसता पाना मागितला तरी गिरणा नदीच्या पलीकडचा माणूस वळून बघतो, असं लोक म्हणतात. लोक चढवून बोलतात, पण फार नाही.

सकाळी पोरींची वजनं झाली. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. त्या थंडीत बारीक बारीक पोरी अनवाणी उभ्या होत्या आणि काट्यावर चढताना श्वाससुद्धा घेत नव्हत्या. वजन झाल्यावर मॅडमनी माझ्या पोरीला जिन्याखाली घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं बजावलं, "पहिल्या तिघी राज्याला जाणार. सेमीफायनल हरलीस तरी दुपारी तिसऱ्या नंबराची लढत मिळते. म्हणून गळा आवळला गेला, हात अडकला, आता सुटत नाही असं वाटलं, की टॅप करायचं. लाजायचं नाही. बेशुद्ध पडलीस, तर तुमच्या वयोगटात त्या दिवशी परत मॅटवर उतरू देत नाहीत. मग सगळंच संपलं."

पोरीनं मान हलवली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मीही हलवली.

टॅप म्हणजे काय, ते सांगतो. ज्युदोत समोरच्यानं गळा किंवा हात असा धरला की सुटकाच नाही, तर आपण त्याच्या अंगावर किंवा मॅटवर पंजा आपटायचा. मी हरले, सोड, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मी म्हणालो होतो, हा खेळ आहे की पाहुणचार?

पण राज्यस्पर्धेचं महत्त्व मलाही कळत होतं. तिथं पोर चमकली की सरकारी क्रीडा वसतिगृहात घेतात. तिथं खरे प्रशिक्षक असतात, धड मॅट असतात, दोन वेळचं सकस खाणं असतं. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं. अकरावीतली पोर, वर्षभर तिनं दुसऱ्या कशाचं नाव काढलं नव्हतं, आणि हे हुकलं तर काय, हा प्रश्न तिला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

मी कुस्तीवाला माणूस. ऐन उमेदीत यात्रायात्रांतून लढलो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात केली, मग बरी बक्षिसं मिळाली, मग गुडघा गेला आणि गॅरेज आलं. आमच्या वस्तादांचं एकच सांगणं असायचं, मान मोडली तरी चालेल, पाठीला माती लागू द्यायची नाही. पाठ लागली की माणूस खालमानेनं, कुणाशी न बोलता, गर्दीतून वाट काढत निघून जायचा. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायचे, हलगी वाजायची. हरलेल्याचं नाव रात्रीच्या जेवणापर्यंतही कुणाला आठवत नसे. मी हे जवळून पाहिलंय, दोन्ही बाजूंनी.

पोर लहान असताना मी तिला गिरणेच्या वाळूत खेळवायचो. पाडायचो आणि म्हणायचो, पलट, पोटावर ये, पाठ वाचव. ती मांजरीसारखी पलटायची. बायको काठावरून ओरडायची, "ती पोर शे, तुमना पठ्ठ्या नही." मी ऐकलं असतं तर आज हे सांगायला बसलो नसतो.

भडगावात पोरींची कुस्ती नव्हती. पाचोऱ्याला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये ज्युदोचा वर्ग चालतो, असं तिला शाळेत कळलं. मला वाटलं, कुस्तीच ती, फक्त कपडे घालून. म्हणून हो म्हणालो. रोज संध्याकाळी गॅरेज बंद करायचं, मोटारसायकलवर तिला न्यायचं, दाराशी बसायचं आणि परत आणायचं. गोडाऊनच्या पत्र्याखाली अजूनही सरकीचा वास होता आणि छताच्या कैच्यांना जुना कापूस लोंबत होता. खाली फोमच्या मॅट, त्यावर ताडपत्री ताणून बांधलेली. मॅडम तिशीतल्या, अंगानं किरकोळ. भिंतीला टेकून उभ्या असल्या तर शाळेतली बाई वाटाव्यात.

पहिले कित्येक दिवस त्यांनी पोरींना नुसतं पडायला शिकवलं. मागं पड, बाजूला पड, पुढं पड. पडताना हनुवटी छातीला लाव, हात आपट, पाठ मोकळी सोड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरीला जिंकायला आणलं होतं, लोळायला नाही. त्यात माझ्या पोरीला पडताच येईना. पाडली की ती हवेतच पलटायची आणि पोटावर यायची, नाहीतर हात टेकवायची. मॅडम म्हणायच्या, "हात टेकवू नकोस, कोपर निखळेल. पाठीवर पड. पाठ कशाला असते?" पोर माझ्याकडे बघायची. मी बाहेर बघायचो.

त्या खेळातली सगळ्यात गंमत वाटायची ती वाकण्याची. मॅटवर चढताना वाका, उतरताना वाका, जोडीदाराशी झुंज घेण्याआधी वाका, झुंज झाल्यावर वाका. जिनं तुम्हाला आत्ताच आपटलं, तिच्यापुढं वाकायचं. आणि जिला तुम्ही आपटलं तिच्यापुढंही. मी एकदा दारातूनच टोमणा मारला, "मॅडम, एवढं वाकून कंबर राहील का पोरींची?" त्या म्हणाल्या, "भाऊ, समोरची तिचं अंग आपल्याला शिकायला देते. फुकट देते. वाकायला काय जातं?" मी हसलो. चांगलं बोलली बाई, म्हणून सोडून दिलं.

मग जळगावची जिल्हा स्पर्धा आली, आणि तिथं मी जे केलं त्यानं भडगाव ते पाचोरा सगळ्यांची करमणूक झाली. फायनलला पोरीला समोरचीनं उचललं. मी बाकावर उभा राहून ओरडलो, "ब्रिज मार, ब्रिज मार." पोरीनं मारला. डोकं आणि पायाच्या टाचा टेकल्या, मधली पाठ अधांतरी. कुस्तीत याला जीव वाचवणं म्हणतात. मी दोन्ही हात वर करून नाचलो. बाकीचं सगळं सभागृह शांत. पंचांनी समोरच्या पोरीला विजयी केलं. ज्युदोत ब्रिज मारला की सरळ हार धरतात, मान मोडू नये म्हणून. मला कोण सांगणार? मी थेट पंचांच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, पाठ लागली का, दाखवा. आवाज माझा तुम्हाला सांगितलाच. शेवटी मला आवरता येत नाही म्हणून त्यांनी मॅडमनाच कोचच्या खुर्चीवरून उठवून बाहेर पाठवलं. पालक तुमचे, जबाबदारी तुमची, म्हणाले. त्या उठल्या, मॅटकडे तोंड करून वाकल्या आणि बाहेर गेल्या. मला तेव्हाही आपलंच बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या दारात त्यांनी मला अडवलं. "भाऊ, बाहेरून सांगायचं असेल तर आधी आत यावं लागेल. पडायला शिका. तोवर स्पर्धेत तोंड बंद. जमत नसेल तर पोरीला घरी न्या, मी नाही शिकवणार."

पोर मॅडमच्या मागं उभी होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते. नाही म्हणायची सोय नव्हती. मी चप्पल काढली.

पन्नाशीच्या माणसाला, गुडघा गेलेल्या, पोट सुटलेल्या पैलवानाला पडायला शिकवणं म्हणजे काय असतं ते त्या गोडाऊननं बघितलं. मला पडताच येईना. मॅडमनी बाही धरली, पाय लावला, मी गेलो, आणि अंग आपोआप पलटलं. हात टेकला, खांद्यात कळ गेली. पुन्हा. पुन्हा पलटलो. पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला राग आला तो मॅडमचा नाही, माझ्याच पाठीचा. ती माझं ऐकतच नव्हती. मनानं मी म्हणायचो पड, आणि ती जनावरासारखी फिरायची. घरी बायको गरम तेल चोळताना म्हणाली, "पन्नाशी उनी, नि आते पडाले शिकी ऱ्हायनात?" मी म्हणालो, तू गप. ती हसतच राहिली, मग मलाही हसू आलं.

कधीतरी एकदा पाठ लागली. धप्पकन आवाज झाला, हात बरोबर आपटला, आणि काहीच दुखलं नाही. वर पत्रा दिसला, लोंबता कापूस दिसला. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. नाही वाटलं. मी तसाच पडून राहिलो, तर मॅडम म्हणाल्या, "उठा भाऊ, झोपायला नाही बोलावलं."

तर पडणं मी शिकलो. टॅपवर मात्र आमचं जमलं नाही. त्याच हिवाळ्यात सरावात एका पोरीनं माझ्या पोरीचा हात अडकवला. कोपर उलटं चाललं होतं, पण माझी पोर टॅप करेना. दात ओठात रुतलेले. शेवटी धरणाऱ्या पोरीनंच घाबरून सोडलं. मॅडमनी सराव थांबवला आणि माझ्या पोरीला आठवडाभर मॅटच्या कडेला बसवलं. ड्रेस घालून यायचं, वाकायचं, आणि बसायचं. मी भांडायला गेलो. म्हटलं, सहन केलं म्हणून शिक्षा? असला कुठला न्याय?

"सहन नाही केलं," त्या म्हणाल्या. "दुसरीवर ढकललं. टॅप केलं नाही की हात मोडायचा की नाही, हे समोरचीला ठरवावं लागतं. ती खेळायला आलीय, हात मोडायला नाही. आपला मान राखायला तिला कसाई करायचं, हा कसला मान?"

मी म्हणालो, "आमच्यात असं शिकवत नाहीत."

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि पोर मागं बसली होती. पाचोरा मागं पडलं. मग म्हणालो, मॅडमचं ऐकत जा. ती हो म्हणाली. पण माझ्या त्या वाक्यात दम नव्हता, आणि माझ्या आवाजातला दम ती पाळण्यात असल्यापासून ओळखते.

आता धुळ्याचं सांगतो. जळगावला फायनल हरली तरी पहिल्या तिघींत होती, म्हणून या विभागीय स्पर्धेला आली होती. सकाळच्या दोन्ही लढती ती जिंकली. मी गॅलरीच्या पहिल्या रांगेत, कठड्याला धरून बसलो होतो आणि तोंडात सुपारी ठेवली होती, जेणेकरून तोंड कामात राहील. बायकोचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "वरडना तर नही ना?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "पोरले काही व्हयनं ते मी तुमले सोडणार नही," आणि फोन ठेवला.

सेमीफायनलला धुळ्याचीच एक पोर होती. ठेंगणी, भरीव, केस बारीक कापलेले. ती आली, वाकली, आणि इतकं सावकाश वाकली की मला तिची भीती वाटली. घाईत असलेल्या माणसाला पाडता येतं. हिला कसलीच घाई नव्हती.

लढत सुरू झाली. थोड्याच वेळात माझ्या पोरीनं तिला आडवा पाय लावून पाडलं. पूर्ण नाही, कुशीवर. अर्धा गुण मिळाला. फलकावर आमच्या बाजूला दिवा लागला. मी कठडा इतका घट्ट धरला की हाताला गंजाचे डाग पडले. आता फक्त वेळ काढायचा होता. फलकावर घड्याळ उलटं धावत होतं आणि मी एक डोळा त्याच्यावर, एक पोरीवर ठेवून होतो. समोरची पुढं आली, पोर मागं सरली. पंचांनी तिला ताकीद दिली, पळू नकोस म्हणून. पुन्हा भिडल्या. थोडकं उरलं होतं. खाली मॅडम खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या होत्या.

तेवढ्यात धुळ्याची पोर एकदम खाली बसली आणि तिनं माझ्या पोरीला डोक्यावरून घेतलं. पोर हवेत होती. मी मनात म्हणालो, पड. पाठीवर पड, हरलीस तरी पड, तिसऱ्या नंबराची लढत आहे. पण गिरणेच्या वाळूतली ती पोर हवेतच पलटली आणि पोटावर आली. पाठ वाचली. गुण गेला नाही. कुस्ती असती तर मी टोपी उडवली असती.

फक्त, ज्युदोत पोटावर पडलेल्या माणसाची मान मागून उघडी असते. धुळ्याची पोर तिच्या पाठीवर बसली. पाय आत घातले, एक हात हनुवटीखालून सरकवला आणि माझ्या पोरीच्याच ड्रेसची कॉलर धरून ओढली. गळ्याभोवती जाड कापड आवळलं गेलं. अशा वेळी दुखत नाही म्हणतात. डोक्याकडं जाणारं रक्त अडतं, बस. आणि मग फार वेळ राहत नाही.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. उजवा हात दिसत होता. तो आधी कॉलरशी झगडत होता. मग सुटला. मग मॅटवरून वर उचलला गेला, पंजा उघडा, बोटं ताठ. टॅप करायला हात जसा उचलतात तसाच. आपटायचाच बाकी होता.

माझ्याच्यानं राहवलं नाही. सुपारी कुठं गेली कळलं नाही. मी उठलो आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडलो, "टॅप कर! कर टॅप, माय, सोड, टॅप कर!"

हात तिथंच थांबला. वरच्यावर थांबला. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्या उघड्या पंजाची मूठ झाली आणि ती पुन्हा कॉलरला जाऊन भिडली.

मी ओरडतच होतो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. घड्याळ चालू होतं. मग ती मूठ कॉलरवरून निसटली, मॅटवर पडली, आणि आपोआप उघडली.

पंचांनी हाक दिली. धुळ्याच्या पोरीनं चटका बसावा तसा हात काढून घेतला. मी जिना कसा उतरलो सांगता येणार नाही. मॅटच्या कडेला एका स्वयंसेवकानं मला छातीला हात लावून अडवलं. आत फक्त डॉक्टर आणि कोच. पोर उताणी पडली होती, पाठ पूर्ण टेकलेली, आणि तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. मॅडमनी तिचे पाय वर धरले होते. मी तिथं उभा राहिलो. आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो. देवाचं नावसुद्धा आठवेना.

धुळ्याची पोर तिच्या जागेवर गुडघे टेकून बसली होती. जिंकली होती, पण कुणाकडं बघत नव्हती. ती पंचांना विचारत होती, "सर, ती उठेल ना? सर, उठेल ना ती?" एवढंच, परत परत.

पोरीनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं. मग झटक्यात उठून उभी राहिली, बेल्ट आवळला, तिच्या रेषेवर गेली आणि पाय रोवून उभी राहिली. हात पुढं, पकड घ्यायला तयार. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात लढत चालूच होती. तिनं फलकाकडं बघितलं आणि मॅडमना विचारलं, "किती राहिलं?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच काही सांगितलं. मला ऐकू आलं नाही. पोरीचे पुढं केलेले हात खाली आले, एवढं दिसलं.

मग त्या दोघी वाकल्या. माझ्या पोरीला तोल नीट सांभाळता येत नव्हता, तरी ती वाकली. धुळ्याची पोर तिच्याहून खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली ती सरळ चालत आली आणि तिनं माझ्या पोरीचे दोन्ही हात धरले. "तू टॅप का नाही केलंस गं?" ती रडत म्हणाली. "मी ओढतच राहिले. मला वाटलं, पकड लागलीच नाहीये. मला काही झालं असतं ना, तर..." 'तुला काही झालं असतं' नाही, 'मला' म्हणाली ती. माझी पोर मान खाली घालून उभी राहिली.

डॉक्टरांनी तपासलं. नाडी बरी, डोळे बरे. आणि आज आता लढत नाही. पोरीनं विचारलं, तिसऱ्या नंबराचीसुद्धा? ते म्हणाले, नाही बेटा. तिनं आणखी एकदा विचारलं. मग नाही विचारलं.

दुपारी तिसऱ्या नंबरासाठी तिच्या नावाचा पुकारा झाला आणि लढायला कुणी नाही म्हणून समोरच्या पोरीचा हात वर केला. ती साधी, काटकुळी पोर होती. जळगावला माझ्या पोरीनं तिला सहज हरवलं होतं. ती राज्याला गेली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या आणि मीही वाजवल्या, कारण मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. शब्द मोडला होता. पण मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आज मी तुम्हाला काही म्हणणार नाही. आज तुम्ही बरोबर ओरडलात." त्यांचे डोळे लाल होते. त्या प्रमाणपत्रांच्या कामाला आत गेल्या.

आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर बसलो. मी दोन चहा आणले. पोरीनं स्वेटर गळ्यापर्यंत ओढला होता, तरी कॉलरचा वळ वर दिसत होता, कानापर्यंत गेलेला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मला काय करायचं ते कळलं असतं. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. मी सवयीनं त्याच्या इंजिनचा आवाज ऐकला आणि मला माझाच राग आला.

"हात तर उचलला होतास," मी म्हणालो. "मी बघितलं. मग?"

"टॅपच करणार होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तुमचा आवाज आला."

चहा माझ्या हातात होता. मी तो पायरीवर ठेवला.

"काय म्हणालो मी?"

"ते कुठं कळतं, नाना. शब्द नाही येत तेव्हा. डोकं नुसतं गरगरतं. पण आवाज तुमचाच होता, तेवढं कळलं. मग तुमच्यासमोर कसं करणार टॅप?"

ती हे रागानं म्हणत नव्हती. उलट, मला सगळं ठाऊकच असणार अशा सुरात सांगत होती. तिच्या सुरात थोडा अभिमानही होता.

"अगं, मी टॅपच कर म्हणत होतो," मी म्हणालो. "गळा फाडून तेच म्हणत होतो. दुसरं काही नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसली, आजारी माणसाचं मन राखायला हसतात तशी, आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, नाना. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

मॅडम आत होत्या. सगळ्या हॉलनं ऐकलं होतं. उठून कुणालाही विचार, असं मी म्हणू शकलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण एवढी साधी गोष्ट पटवायला बापाला पोरीपुढं साक्षीदार उभा करावा लागणार असेल, तर साक्षीदार तरी काय करणार? मी पायरीवरचा चहा उचलला. तिच्या जागी मी असतो आणि माझ्यासारखा बाप मला हे सांगत असता, तर मीही विश्वास ठेवला नसता.